डॉक्टरची वही : बोरघाट ते इर्शाळवाडी



आज बोलायचा विषय आहे आपत्ती आणि डॉक्टर. आम्ही काही डॉक्टर नाही. नावामागे 'डॉ.' लागते ते तत्त्वज्ञानातल्या प्रबंधामुळे. गाडीत कुणाला चक्कर आली आणि 'कुणी डॉक्टर आहे का' अशी हाक आली, की आम्ही खिडकीबाहेर बघतो. हसू नका, खरंच सांगतोय. तेव्हा औषधोपचाराबद्दल आम्ही बोलणार नाही. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत गेल्या पावणेदोनशे वर्षांत संकटे आली तेव्हा डॉक्टर कुठे होता, काय करत होता आणि त्याने कुठे असायला हवे होते, एवढेच आपण इतिहासातून बघणार आहोत.

सुरुवात एका बेरजेपासून करू. २७ अधिक ५७ अधिक १४४. उत्तर २२८.

हे आकडे इर्शाळवाडीचे. खालापूर तालुक्यात चौकच्या वर इर्शाळगड आहे, त्याच्या अंगावर ही ठाकरांची वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री अकराच्या सुमारास वरचा डोंगर सुटला आणि घरे मातीखाली गेली. शोधकार्य चार दिवस चालले आणि २३ जुलैला थांबवले. वाडीची नोंदलेली लोकसंख्या २२८. मृतदेह मिळाले २७. सापडले नाहीत ते ५७. वाचलेले १४४.

बेरीज जुळते, पण ती जुळायला चार दिवस लागले, हे लक्षात घ्या. पहिल्या दिवशी कुणालाच ठाम सांगता येत नव्हते की ढिगाऱ्याखाली किती माणसे आहेत. काही मुले आश्रमशाळेत होती. काही माणसे कामासाठी बाहेर होती. कागदावर असलेला माणूस त्या रात्री घरात होता का? आणि घरात होता, तर कोणत्या घरात? खणणाऱ्याला आधी हेच कळायला हवे असते.

आमचा आजचा मुद्दा इथूनच निघतो. तो आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. आपत्तीच्या पहिल्या तासांत डॉक्टर बहुतेक वेळा पोचत नाही, या डोंगरांत तर नाहीच. पण त्याची वही पोचू शकते. कोण कुठे राहते, कोण गरोदर आहे, कोणाला दम्याचा त्रास आहे, कोणाला चालता येत नाही, हे ज्या वहीत लिहिलेले असते ती वही. आपत्तीच्या नियोजनात डॉक्टरचे खरे काम त्या वहीचे आहे, आणि लोक ज्याच्याकडे खरे सांगतात असा माणूस होण्याचे आहे. ही दोन्ही कामे संकटाआधीची आहेत.

आता मागे जाऊ.

कर्जतहून खोपोलीच्या लोकलने गेलात तर पहिले स्टेशन पळसदरी. इंग्रजांच्या कागदांत त्याचे स्पेलिंग ओळखू येणार नाही इतके विचित्र आहे, पण ठिकाण हेच. १८५६ मध्ये रेल्वे इथपर्यंत आणि खोपोलीपर्यंत आली होती. पुढे घाट चढायचा होता. बोरघाटातले हे काम १८५६ ते १८६३ असे सात-आठ वर्षे चालले. सुमारे सोळा मैलांचा मार्ग, अठराशे फुटांहून जास्त चढ, पंचवीस बोगदे. कामाचा जोर होता तेव्हा, म्हणजे १८६१ च्या सुरुवातीला, या घाटात बेचाळीस हजारांवर मजूर एका वेळी राबत होते. आज कर्जत शहरात राहणाऱ्यांचा विचार करा आणि मग हा आकडा बघा. तेवढी माणसे उघड्या डोंगरावर, झोपड्यांत, ओढ्याचे पाणी पिऊन राहत होती.

व्हायचे तेच झाले. पटकी आली. १८५९-६० च्या कोरड्या हंगामात साथीने माणसे पटापट गेली, उरलेली कामे टाकून पळाली. त्याच सुमारास कंत्राट घ्यायला इंग्लंडहून आलेला सॉलोमन ट्रेडवेल इथे पाय ठेवल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. पुढे त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट स्वतःच्या नावावर चालवून काम पुरे करून घेतले. ट्रेडवेलचे नाव, त्याच्या मृत्यूची तारीख, सगळे इतिहासात आहे.

आणि मजूर? घाटात किती मजूर मेले? इतिहासकार अंदाज करतात, तो हजारांत जातो. पण अंदाजच. प्रत्येक मजुराची नोंद ठेवणारी वही नव्हती. बोगद्यांची लांबी फुटात मोजलेली आहे, खडक किती फोडला तेही मोजलेले आहे. माणसे मोजलेली नाहीत. मोजणे ही कोरडी, कारकुनी गोष्ट आहे असे आपल्याला वाटते. तसे नाही हो. एखाद्याला मोजणे म्हणजे तो होता हे मान्य करणे. ज्याची नोंद नाही, त्याचे मरण कुणाला थांबवताही येत नाही, कारण ते घडतेय हेच वर कुणाला दिसत नाही.

ही झाली वही नसल्याची गोष्ट. आता वही होती पण विश्वास नव्हता, त्याची गोष्ट.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. गोव्याकडचे हे डॉक्टर. त्यांनी रोगाचे नाव उघड सांगितले, ही साधी गोष्ट नव्हती. शहराचा व्यापार बंद पडेल म्हणून असले निदान कुणालाच नको असते. पुढे मुंबईतून माणसांचे लोंढे निघाले आणि रेल्वेने कोकणात, देशावर पसरले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. कल्याणसारख्या जंक्शनवर प्रवाशांना उतरवून तपासू लागले. कर्जतकडे यायचे तर कल्याण ओलांडूनच यावे लागते. म्हणजे आपल्या या पट्ट्यातल्या माणसाची डॉक्टरशी गाठ पडली ती फलाटावर, रांगेत, शिपायाच्या पहाऱ्यात. बायाबापड्यांची काख-जांघ चारचौघांत तपासण्यावरून लोक किती संतापले, ते तुम्ही वाचलेले असेल. पुण्यात तर घरोघर गोरे सोल्जर घातले. रँडच्या समितीत एक लष्करी डॉक्टरही होता. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. पुढचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकात आहे.

आपण तो इतिहास राजकीय म्हणून वाचतो. आरोग्याचा म्हणून वाचला तर काय दिसते? याद्या होत्या, तपासणी होती, कायदा होता. आणि लोक आजारी माणसाला माळ्यावर लपवत होते. कारण नाव यादीत गेले की माणूस छावणीत जातो, घराचे सामान जळते, हे त्यांनी पाहिले होते. ज्या वहीची भीती वाटते त्या वहीत खरे काही उतरत नाही.

त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या बाजूला, दुसरे एक चित्र आहे. सावित्रीबाई फुले यांनी दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांच्याकडून हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडून घेतला. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला आणताना त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रोग तोच होता, आणि औषध तर दोघांकडेही फारसे नव्हते. फरक एवढाच की एका दारात लोक धरून नेले जात होते आणि दुसऱ्या दारात ओळखीचे माणूस उभे होते. डॉक्टरच्या हातात आपत्तीच्या वेळी जे बळ असते ते कायद्याने पूर्ण येत नाही. ते आधीच्या साध्या दिवसांत जमवावे लागते.

साधे दिवस म्हटले की आम्हाला आपल्याच रायगड जिल्ह्यातले एक नाव आठवते. डॉ. हिंमतराव बावस्कर. १९७६ मध्ये ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. कोकणात लाल विंचू चावून माणसे, विशेषतः मुले, मरत होती. ती गोष्ट नवी नव्हती. नवे हे होते की या डॉक्टरने रुग्णाच्या खाटेशी बसून तासातासाला काय होते ते लिहून ठेवले. घाम, उलटी, थंड पडलेले हातपाय, मग हृदय थकून फुप्फुसात पाणी. त्या नोंदींतून त्यांना कळले की विष हृदयावर कसे काम करते, आणि पुढे प्राझोसिन या औषधाने उपचार उभा राहिला. दहातली तीन-चार माणसे जात होती, ती संख्या शंभरात एक-दोनवर आली. बिरवाडीतली निरीक्षणे लॅन्सेटमध्ये छापून आली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता यात आपत्ती कुठे आली, असे तुम्ही विचाराल. सांगतो. पेपरात मोठा मथळा येतो तीच आपत्ती, असे आपण धरून चाललो आहोत. एका पावसाळ्यात दहा वाड्यांतली दहा पोरे विंचवाने गेली तर तीही आपत्तीच आहे. ती फक्त सुटीसुटी येते, म्हणून दिसत नाही. वहीत एकाखाली एक लिहिली की दिसते.

आमचा स्वतःचा एक अनुभव सांगतो, छोटासाच आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी आम्ही राष्ट्रीय सेवा योजनेची पोरे घेऊन कर्जत तालुक्यातल्या एका ठाकूरवाडीवर शिबिराला गेलो होतो. मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. आमची पोरे बंधारा बांधत होती, आणि आम्ही त्यांना मुक्कामी श्रमाचे तत्त्वज्ञान ऐकवत होतो. एका सकाळी खालून नर्सबाई चढून आल्या. घामाघूम, काखेत पिशवी, पिशवीत वही. त्या बंधाऱ्याकडे बघायलाही थांबल्या नाहीत. वाडीतल्या एका म्हातारीसमोर बसल्या आणि वही उघडून म्हणाल्या, "आजी, तुमची नात श्रावणात बाळंत होणार. आषाढात ओढा चढला की झोळी खाली येणार नाही. तिला पाऊस लागायच्या आत खाली मावशीकडे पाठवा." म्हातारी कुरकुरली. लावणीला हात कमी पडणार होते. नर्सबाई तासभर बसल्या, चहा प्यायल्या, वाद घातला आणि कबूल करून घेऊनच उठल्या. मग पुढच्या घरी गेल्या. तिथे एक क्षयाचा रुग्ण होता, त्याला पावसाळाभर पुरतील इतक्या गोळ्या मोजून दिल्या.

ती नात सुखरूप बाळंत झाली, हे आम्हाला पुढच्या वर्षी कळले. यात बातमी काहीच नव्हती. झोळी अडकली असती, ओढ्यात कुणी वाहून गेले असते, तर बातमी झाली असती. आपत्तीचे नियोजन यशस्वी झाले की काहीच घडत नाही, ही या कामाची मोठी अडचण आहे. जे घडले नाही त्याचे श्रेय कोण देणार? आम्ही 'आपत्ती व्यवस्थापन' हा शब्द पुढे वीस वर्षांनी ऐकला. त्या बाईंनी तो कधी ऐकला होता की नाही, देव जाणे. पण ते काम त्या करत होत्या. पुढे आदिवासी भागासाठी सरकारने 'माहेरघर' योजना आणली, म्हणजे बाळंतपणाआधीच बाईने आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचे. ती त्या वहीचीच मोठी आवृत्ती म्हणायची.

आता कायद्याकडे येऊ.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर महाराष्ट्राने आपत्तीचा आराखडा करायला घेतला. मग २००५ आले. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते सगळ्यांना आठवते. पण त्याच पावसात आपल्या जिल्ह्यात महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या आणि दीडशेहून जास्त माणसे गाडली गेली, ते मुंबईच्या आठवणीत थोडे मागे पडले. मुंबईत पाणी ओसरल्यावर लेप्टोची साथ आली, म्हणजे पुराचा दुसरा हप्ता डॉक्टरांच्या दारात आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला.

या कायद्याचे २५ वे कलम वाचण्यासारखे आहे. प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असावे, जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष, पोलीस अधीक्षक सदस्य, आणि जिल्ह्याचा मुख्य वैद्यकीय अधिकारी हाही पदसिद्ध सदस्य. म्हणजे डॉक्टरला खुर्ची कायद्यानेच दिलेली आहे. बांधकाम खात्याचे नाव त्या कलमात नाही, पाटबंधाऱ्याचे नाही. डॉक्टरचे आहे.

पण ती खुर्ची अलिबागला आहे. अलिबाग समुद्राकाठी, आणि कर्जत-खालापूर घाटाच्या पोटात. मधे पेण, मधे पावसाळी रस्ते. तालुक्यात तहसीलदार पावसाळ्यापूर्वी बैठक घेतात, तालुका आरोग्य अधिकारीही बसलेले असतात. त्यांना साधारण काय विचारले जाते? ब्लीचिंग पावडर आहे का, सर्पदंशाची लस आहे का, रुग्णवाहिका चालू आहे का. हे सगळे विचारायलाच हवे. पण वस्तूंचा साठा विचारून झाल्यावर माणसांबद्दल कोण विचारणार? वरच्या वाड्यांत यंदा जुलै-ऑगस्टमध्ये किती बाळंतपणे आहेत? अंथरुणाला खिळलेले किती? याचे उत्तर त्या खोलीत फक्त आरोग्य खात्याकडे असते, आणि तेही डॉक्टरच्या टेबलावर कमी, आशाताईच्या पिशवीत जास्त. २००५ मध्येच आशा योजना सुरू झाली, साधारण हजार वस्तीमागे एक. आदिवासी भागात तर वाडी-पाड्यामागे एक नेमायची मुभा आहे. म्हणजे कायदा आणि वही एकाच वर्षी जन्माला आली. दोघांची अजून नीट ओळख झालेली नाही, हे आमचे म्हणणे.

घाट आणखी एक गोष्ट शिकवतो. पहिला मदतनीस डॉक्टर नसतो. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे जुन्या घाटात शिंगरोबाच्या देवळाजवळ एक बस दरीत गेली. गोरेगावचे ढोल-ताशा पथक पुण्याकडचा कार्यक्रम करून परत चालले होते. तेरा जण गेले, त्यातली बरीच कोवळी पोरे. दरीत दोर टाकून आधी उतरले ते स्थानिक गिर्यारोहक आणि खोपोलीची माणसे. शिंगरोबा कोण, तर ज्याने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली अशी दंतकथा आहे तो धनगर. आजही डोंगरात वाट दाखवायला स्थानिक माणूसच लागतो.

कायद्याने इथेही काही केले आहे. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की समोर जखमी आला तर प्रत्येक डॉक्टरने, सरकारी असो की खाजगी, आधी जीव वाचवायचा. पोलिसांचे कागद नंतर. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन मदत करणाऱ्या वाटसरूला संरक्षण मिळाले. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका सुरू झाल्या, आणि त्यांत डॉक्टर बसलेला असतो. म्हणजे डॉक्टर दवाखान्यातून रस्त्यापर्यंत आला. पण रस्ता जिथे संपतो तिथे १०८ सुद्धा संपते. त्यापुढे दोर धरणारा पोरगा आणि खांदा देणारा शेजारी. त्यांना रक्त कसे थांबवायचे, मान मोडलेल्याला कसे उचलायचे नाही, हे कुणी शिकवायचे? डॉक्टरनेच. आणि कधी? अर्थातच अपघाताच्या आधी.

आधी माहिती असली की काय फरक पडतो, त्याचेही उदाहरण आपल्या शेजारी आहे. कर्जतच्या डोंगरातून उगवणारी उल्हास नदी २६ जुलै २०१९ च्या रात्री फुगली आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली. हजाराच्या वर प्रवासी. दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर काढले, एकही जीव गेला नाही. त्यांत नऊ बायका गरोदर होत्या. बचावासाठी गेलेल्या मदतीत सदतीस डॉक्टर होते आणि त्यांत स्त्रीरोगतज्ज्ञही होते. नुसते 'डॉक्टर पाठवा' म्हणणे आणि 'स्त्रीरोगतज्ज्ञ पाठवा' म्हणणे, यांत काय अंतर आहे बघा. आत कोण आहे हे कळले की दुसरे वाक्य उच्चारता येते.

इथे आम्हाला आमचा ॲरिस्टॉटल आठवल्याशिवाय राहत नाही. क्षमा करा, सवय आहे. तो एके ठिकाणी म्हणतो की वैद्य 'मनुष्य' नावाच्या सामान्य कल्पनेला बरे करत नाही. तो कॅलियासला बरे करतो, सॉक्रेटिसला बरे करतो, म्हणजे नाव असलेल्या माणसाला. आराखड्याला मात्र नावे नसतात. त्यात 'बाधित लोकसंख्या' असते. नियोजनाच्या बैठकीत डॉक्टर हवा तो यासाठी, की बाधित लोकसंख्येचे त्याने पुन्हा कॅलियास आणि सॉक्रेटिस करावे. आपल्याकडे म्हणायचे तर कमळी आणि बाळू.

आता परत इर्शाळवाडी.

१७ ते १९ जुलै या तीन दिवसांत त्या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाला, असे विधिमंडळात सांगण्यात आले. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, हेही तिथेच सांगण्यात आले. वाडीला रस्ता नव्हता. नानिवलीहून पायवाट, पावसात तास-दीड तासाची चढण. यंत्र वर जाईना, हवा खराब म्हणून हेलिकॉप्टर जाईना. माणसांनी फावड्या-कुदळीने खणले. मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी ती चढण चढताना हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्या दुर्घटनेत ढिगाऱ्याबाहेर गेलेला हा जीव आम्ही विसरू शकत नाही. बचाव करणाऱ्यांचीही प्रकृती असते. कुणी वर जावे, कुणी पायथ्याशी थांबावे, हे ठरवणे हेही डॉक्टरचे काम आहे. तसे ठरवायचे तर त्या दलाची तपासणी आधी झालेली हवी, आणि 'साहेब, तुम्ही थांबा' असे म्हणण्याचा अधिकार डॉक्टरला आधी दिलेला हवा.

त्या रात्री मातीखाली असलेल्यांसाठी उत्तमातला उत्तम शल्यचिकित्सकही फार काही करू शकला नसता. हे कठोर आहे, पण खरे आहे. म्हणूनच आम्ही म्हणतो, की डॉक्टर किती वेगाने पोचला यावर त्याची परीक्षा करू नका. तीन गोष्टींवर करा. आधी त्याने काय लिहून ठेवले होते. प्रसंगी त्याने कसे निवडले. आणि नंतर तो किती दिवस थांबला.

लिहिण्याचे बोलून झाले. निवडण्याबद्दल थोडे. नेपोलियनच्या सैन्यात लॅरे नावाचा शल्यचिकित्सक होता. रणांगणावर जखमींची रांग लागली की आधी कुणाला बघायचे? त्याने नियम केला की हुद्दा बघायचा नाही, जखम बघायची. सेनापतीचे बोट आणि शिपायाची मांडी असेल तर आधी मांडी. आजच्या आपत्तीवैद्यकातली जखमींची वर्गवारी याच विचारावर उभी आहे. पण आजच्या नियमात आणखी एक कठीण पायरी आहे. ज्याच्या वाचण्याची आशाच नाही त्याच्यावर पहिले हात खर्च करायचे नाहीत. एरवी डॉक्टरची निष्ठा समोरच्या एका रुग्णाशी असते. आपत्तीत ती रांगेतल्या सगळ्यांशी जोडावी लागते. हा निर्णय चिखलात उभे राहून, कॅमेऱ्यांसमोर, आईच्या आक्रोशात एकट्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यावर टाकणे अन्याय आहे. नियम आधी ठरलेला असावा, लिहिलेला असावा आणि लोकांनाही माहीत असावा. म्हणजे तो निर्णय त्या एकट्याचा राहत नाही, आपल्या सगळ्यांचा होतो.

आणि थांबणे. इर्शाळवाडीत जे मिळाले त्यांचे अंत्यविधी वरच करावे लागले. ५७ जणांचे तर शरीरच मिळाले नाही. वाचलेली माणसे आधी देवळात, मग कंटेनरच्या घरांत राहिली, पुढे त्यांच्यासाठी खाली नवी घरे बांधली गेली. ज्याला आपल्या माणसाचे तोंडही बघता आले नाही, त्याचे दुःख तेराव्याला संपत नाही. पाऊस वाजला की झोप उडणे, वरच्या डोंगराकडे न बघणे, दारूकडे वळणे, हे सगळे पुढच्या पावसाळ्यांत येते, कॅमेरे गेल्यावर. तेव्हा दारात येणारी व्यक्ती बहुधा एकच असते. पिशवीत वही घेऊन येणारी.

मग करायचे काय? आम्ही राज्यकर्ते नाही, म्हणून मागणे लहान ठेवतो. तीनच गोष्टी.

एक. मे महिन्यात प्रत्येक वाडीची आरोग्याची वही आणि तहसील कार्यालयाचा पावसाळी आराखडा एका टेबलावर यावा. त्यातून एकच कागद तयार व्हावा. घर कोणते, रात्री झोपतात किती, आधाराशिवाय उठू न शकणारे कोण, खाली कुणाचे कोण नातेवाईक आहेत. भूशास्त्रज्ञाची यादी कोणता डोंगर सुटेल ते सांगते, आणि ती चुकू शकते, हे आपण पाहिले. ही यादी डोंगर कोणताही सुटला तरी उपयोगी पडते.

दोन. त्या कागदावर लोकांचा हक्क राहावा. कुणाला कोणता आजार आहे हे चावडीवर वाचायचे नाही. वही आशाताईकडे आणि डॉक्टरकडेच राहील, प्रसंग आल्यावरच उघडेल. १८९७ विसरलो तर पुन्हा माणसे माळ्यावर लपवली जातील.

तीन. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौकची ग्रामीण रुग्णालये, यांतल्या डॉक्टरांनी वर्षातून एकदा तरी वाड्यांवर चढावे. तिथल्या पोरांना रक्त थांबवायला, झोळी नीट बांधायला शिकवावे आणि त्यांच्याकडून वाट शिकून घ्यावी. दोन्ही बाजूंना शिकायला आहे.

यांतल्या एकाही गोष्टीला मोठे यंत्र लागत नाही. वेळ लागतो, चढण लागते, आणि एका म्हातारीसमोर तासभर बसण्याची तयारी लागते.

बोरघाटातले हजारो मजूर कुणाच्याच वहीत नव्हते. इर्शाळवाडीचे २२८ वहीत होते, पण ती वही त्या रात्री हाताशी होती का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा. एकशे साठ वर्षांत आपण एवढे अंतर चाललो. पुढचे अंतर फार नाही. तहसीलपासून आरोग्य केंद्रापर्यंत असते, तेवढेच आहे.

कुणाला काही विचारायचे असेल तर विचारा. फक्त औषध विचारू नका.